थांबा, मी नव्हतो

मस्कतला येऊन माझे केस पिकले, पण इतक्या वर्षांत कुणाच्या पगाराचा, गाडीचा किंवा व्हिलाचा हेवा मला फारसा वाटला नाही. वाटला असेल तर चार दिवस वाटला आणि विरून गेला. ज्याचा हेवा टिकला, अजूनही टिकून आहे, असा माणूस एकच. अल खौदच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि आमच्याच ऑफिसात काम करायचे. म्हणजे हेवा करायला मला लांब कुठे जावं लागत नसे. वरवर पाहिलं तर त्यांच्यात हेवा करण्यासारखं काही नव्हतंच. डोक्याला टक्कल, गुडघे कुरकुरणारे, बायको अलिबागकडच्या गावात म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांपाशी अडकलेली. मला हेवा वाटायचा तो त्यांच्या हात जोडण्याचा.

आता माझंही सांगतो, म्हणजे हा हेवा किती रास्त होता ते कळेल. आमचं घराणं रत्नागिरीकडचं, भिक्षुकीचं. आजोबांनी आणि वडिलांनी आसपासच्या गावांतली लग्नं लावली, मुंजी लावल्या. मी इंजिनियर झालो आणि इथे एका कन्सल्टंटकडे क्वांटिटी सर्व्हेयर म्हणून, म्हणजे बांधकामाची मापं आणि बिलं तपासायला, आलो, पण मुंजीपासून पाठ केलेलं सगळं जिभेवर तसंच राहिलं. ही गोष्ट मस्कतच्या मराठी मंडळींत पसरायला वेळ लागला नाही. मग सुट्टीचा शुक्रवार आला की कुणाकडे सत्यनारायण, कुणाच्या बाळाचं बारसं, कुणाच्या नव्या दुकानाची पूजा. सगळे मला गुरुजी म्हणू लागले. माझे उच्चार स्वच्छ, आवाज बरा, आणि मुख्य म्हणजे मी वेळेत उरकतो. लोकांना पूजेनंतर मवालेहच्या मार्केटला जाऊन आठवड्याची भाजी आणायची असते, मुलांना क्लासला सोडायचं असतं. ‘गुरुजी, तुमची पूजा म्हणजे एकदम टायमात,’ असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं. तोंडाने मंत्र चालू ठेवून मनात एखाद्या बिलाची बेरीज मांडायची आणि दोन्ही बिनचूक आणायचं, ही कला मला साधली होती. वडिलांनाही ती साधली होती. त्यांच्या मनात बिलाऐवजी माडांवरचे नारळ असत एवढंच.

ते वरच्या मजल्यावर राहायला आले त्याच महिन्यात आमच्याकडे गणपती होते. मूर्ती आमच्या हिने पेणहून आणलेली, विमानात मांडीवर घेऊन बसून. नवा शेजारी, एकटा माणूस, म्हणून मी आरतीला बोलावलं. घर भरलं होतं. झांजा रंगात आल्या होत्या, पोरं टाळ्या पिटत होती, आरती अर्ध्यावर आली होती. एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, ‘थांबा!’

सगळ्यांना वाटलं, कापूर कुणाच्या तरी ओढणीला लागला. मी तबक हातात धरून वळलो तर हे उभे. डोळे मिटलेले, कपाळावर घाम.

‘काय झालं हो?’

‘थांबा, मी नव्हतो,’ ते म्हणाले.

‘कुठे नव्हता?’

‘इथे नव्हतो. गाडी नीट लावली का ते बघायला खाली गेलो होतो. मनाने.’ मग डोळे उघडून अगदी अजिजीने म्हणाले, ‘पुन्हा घ्यायची का, गुरुजी? पहिल्यापासून?’

लोक हसले. मला मात्र राग आला. आमच्या घरात आरती कधी मध्येच थांबली नव्हती. सुतक पडायच्या बेतात असतानाही ती पूर्ण झालेली मी पाहिली आहे. मी काही बोलणार तोच हिने तबकात नवा कापूर ठेवला. ‘घ्या ना. भाऊजी म्हणताहेत तर.’ भाऊजी! ओळख होऊन अजून चहाही झाला नव्हता.

आरती पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा थांबली. ‘माफ करा हं, मोदकांकडे गेलो होतो.’ पुन्हा हशा. मग एकदाची ती लागली. त्यांचा आवाज फाटका होता, शब्द चुकत होते, एक कडवं तर त्यांनी दोनदा म्हटलं आणि त्यांच्यामागे सगळ्यांनी दोनदा म्हटलं. पण मोबाइल कुणी काढला नाही. आरती संपल्यावर ते हात जोडून तसेच उभे राहिले आणि ते हलेपर्यंत प्रसादाकडेही कुणी हललं नाही. ही पदराने डोळे पुसत होती. माझ्या आरतीला हिचे डोळे पाणावलेले मी पाहिले होते, नाही असं नाही, पण ते कापराच्या धुराने.

त्या दिवसापासून मुलांनी त्यांचं नाव ‘रीस्टार्ट अंकल’ ठेवलं. ते त्यांना कळलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, ‘पोरांना बरोबर कळतं.’ मला ‘गुरुजी’ यापलीकडे कुणी कधी काही नाव ठेवलं नाही.

त्यांच्या घरी एकच देव होता, पितळेचा गणपती, घासून घासून नाकडोळे गुळगुळीत झालेला. बाल्कनीत जास्वंदीची एक कुंडी होती. तिला ते एसीचं पाणी घालायचे. एसीच्या नळीखाली बादली लावलेली असायची आणि उन्हाळ्यात ती सारखी भरायची. रूवीच्या दुकानात विमानाने आलेले हार मिळतात, आम्ही सगळे तेच आणतो. यांनी कधी हार आणला नाही. फूल तोडतही नसत. जास्वंद उमलली की अख्खी कुंडी उचलून आत आणायचे, गुडघे कुरकुरत असताना, आणि देवासमोर ठेवायचे. ‘वाहिलं,’ म्हणायचे. थोड्या वेळाने पुन्हा बाल्कनीत.

‘वाहिलेलं परत कसं नेता?’ मी विचारलं. शास्त्राचा प्रश्न होता.

‘परत कुठे? सांभाळायला नेतो. झाड त्याचंच आहे. तोडलेलं फूल दुपारपर्यंत मरतं, गुरुजी. मरणारं कशाला द्यायचं? द्यायचं तर सगळं द्यावं.’

यावर उत्तरं होती. तीन-चार तर संस्कृतमध्येच होती. पण ती त्यांच्यापुढे म्हणायला मला कसंसंच झालं.

नैवेद्याचंही तसंच. देवापुढे आपण केळी ठेवतो, सफरचंद ठेवतो, घरात कुणी खात नाही ते जास्त करून ठेवतो. हे मात्र स्वतःच्या जिवापाड आवडीचं ठेवायचे. हापूसची पहिली पेटी मवालेहला उतरली की यांच्या देवापुढे आंबा असे. एकदा तर भजी होती, कांद्याची. मी म्हटलं, ‘अहो, कांदा?’ ते म्हणाले, ‘तुम्हाला काय सांगू गुरुजी, मला सगळ्यात जास्त तेच हवं होतं. आता त्याच्यापासून लपवून खाऊ?’

हे सगळं एक वेळ मी चालवून घेतलं असतं. पण एके दिवशी सकाळी ऑफिसला सोबत जायचं म्हणून मी वर गेलो. ते आंघोळ करून देवासमोर उभे होते. निरांजन लावलेलं. थोडा वेळ उभे राहिले, मग वाकून म्हणाले, ‘आज मन नाही रे. खोटं कशाला? उद्या येतो.’ आणि वात विझवून चप्पल शोधायला लागले.

‘पूजा?’

‘खलास. आज नाही.’

‘अशी चुकवायची?’

‘चुकवली कुठे? सांगून आलो ना.’

असे त्यांचे खाडे कितीतरी व्हायचे. पूजेचा माझा एक दिवस चुकलेला नाही. ताप असो, साइटवर पहाटे काँक्रीट असो, मी चार शिंतोडे उडवून, दोन ओळी पुटपुटून का होईना, पूजा केली आहे. म्हणजे हजेरी माझी पूर्ण, आणि भक्त म्हणून नाव यांचं! गाडीत मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. खिडकीतून डोंगर बघत बसले होते.

कुणाला वाटेल की माणूस कामातही असाच जीव ओतणारा असेल. छे. ऑफिसात ते ड्रॉइंग्जचं रेकॉर्ड सांभाळायचे आणि ते सांभाळण्यात त्यांचं मन एक दिवसही नव्हतं. जुनी ड्रॉइंग्ज साइटवर जायची, नवी त्यांच्या खुर्चीखाली सापडायची. तिथे कधी त्यांनी ‘थांबा, मी नव्हतो’ म्हटलं नाही. म्हणायला लागले असते तर दिवस पुरला नसता.

तरीही आमचे मॅनेजर त्यांना काही बोलत नसत. मॅनेजर मूळचे सूर बंदरातले ओमानी. त्यांच्या आजोबांची गलबतं मुंबईला जायची, त्यामुळे घरात हिंदी होती. एकदा साइटवर जाताना ते यांना घ्यायला आमच्या बिल्डिंगमध्ये आले. दार उघडं, आत पूजा चाललेली, म्हणून पूजा संपेपर्यंत बाहेर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारची नमाज आटोपून येताना त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

‘तुम भी पूजा करता है ना?’

‘हां सर. रोज.’

‘रोज. माशाल्ला.’ मग म्हणाले, ‘वो आदमी करता है तो मैं दरवाजे पे खड़ा रह गया. अंदर जाने का हिम्मत नहीं हुआ.’

माझी पूजा चालू असताना लोक आत येतात, बाहेर जातात, मध्येच मला वाय-फायचा पासवर्ड विचारतात, आणि मी मानेने खूण करून सांगतोसुद्धा. मी मॅनेजरना ‘येस सर’ म्हणालो आणि जागेवर जाऊन बसलो. त्या दिवशी माझी एक बेरीज चुकली.

मग हिच्या पोटात गाठ निघाली.

कसली गाठ आहे ते काढल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. भारतात जाऊन करायचं की इथे, यात काही दिवस गेले. शेवटी इथेच करायचं ठरलं. मुलगी बंगळुरूला शिकायला, तिची परीक्षा चालू. तिला सांगू नका म्हणून हिने शपथ घातली. म्हणजे आम्ही दोघंच. ऑपरेशनच्या सकाळी हिरवा गाऊन घालून ही कॉटवर पडली होती. बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या होत्या. वॉर्डबॉय न्यायला आले तेव्हा हिने माझा हात धरला.

‘अहो, एक करा. भाऊजींना सांगा, माझ्यासाठी देवापुढे बसायला.’

‘मी बसतो की,’ मी म्हणालो.

‘तुम्ही इन्शुरन्सचं बघा,’ ती म्हणाली. ‘ते अजून अप्रूव्ह झालं नाहीये ना?’

तिने हे टोचायला म्हटलं नव्हतं. टोचायला म्हटलं असतं तर बरं झालं असतं. बायको जिवाच्या भीतीने थरथरतेय आणि घरात पिढीजात भिक्षुक असताना देवाकडे वशिला लावायला तिला वरच्या मजल्यावरचा माणूस आठवतोय. तिला आत नेलं, दार बंद झालं. मी हिच्या बांगड्या खिशात घातल्या आणि खाली पार्किंगमध्ये गेलो.

ते तिथेच होते. आदल्या दिवशीच रजा टाकून ठेवली होती आणि माझ्यासाठी डबा घेऊन आले होते. गाडी एसीवर चालू ठेवून आत बसले होते. मी शेजारच्या सीटवर बसून हिचा निरोप सांगितला. सांगताना माझा आवाज कसा होता देव जाणे.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘मी नाही बसणार.’

‘अहो, ती आत आहे! तिने स्वतः सांगितलंय.’

‘वहिनींवर माझा जीव आहे, गुरुजी. पण किती आहे ते मला ठाऊक आहे. बहिणीवर असावा तेवढा. तुमच्याइतका नाही. पुरं माप तुमच्यापाशी असताना माझं उणं माप मी त्याच्यापुढे नेऊन ठेवू?’

‘मला येत नाही!’ मी ओरडलो. गाडीच्या काचा बंद होत्या म्हणून बरं. ‘मंत्र येतात. तुम्हाला येतं ते मला येत नाही. कधीच आलं नाही. तिला ते माहीत आहे, म्हणून तर तिने तुम्हाला सांगितलं!’

ते जराही हलले नाहीत. ‘मला तरी कुठे काय येतं? मन गेलं की मला कळतं, एवढंच. तुम्ही बसा. मी शेजारी बसतो. गेलं की थांबायचं, पुन्हा घ्यायचं. यल्ला, चला.’

समोर ना मूर्ती, ना दिवा. डॅशबोर्डवर त्यांचा गॉगल आणि माझा डबा. मी डोळे मिटले आणि मुंजीत पहिलं शिकलो होतो ते स्तोत्र सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला माझं मन इन्शुरन्सच्या काउंटरवर उभं होतं. जीभ पुढे पळत होती, तिला सवय होती. मी तिला धरलं.

‘थांबा,’ मी म्हणालो. ‘मी नव्हतो.’

‘घ्या पुन्हा.’

पुन्हा घेतलं. या वेळी मन घरच्या कपाटापाशी गेलं. हिला काही झालं तर हिच्या साड्यांचं काय करायचं, असा विचार आला, आणि आपल्याला असा विचार येऊ शकतो याची मला किळस आली. पुन्हा घेतलं. पुन्हा थांबलो.

‘आता कुठे गेला होता?’

‘तुमच्यावर चिडायला.’

‘ते ठीक आहे. घ्या पुन्हा.’

किती वेळा घेतलं ते मी मोजलं नाही. स्तोत्र पुढे सरकतच नव्हतं. आयुष्यभर जे मी एका दमात शेवटापर्यंत नेलं होतं, ते त्या दिवशी चार ओळींच्या पुढे गेलं नाही. आणि मग ते कुठेतरी गळून पडलं. मी नुसतं ‘तिला राहू दे’ म्हणत होतो. ‘तिला राहू दे, तिला राहू दे.’ हातात हिच्या बांगड्या होत्या, त्या खिशातून कधी काढल्या ते आठवत नाही. बेरीज नव्हती, भाजी नव्हती, इन्शुरन्स नव्हता, शेजारचा माणूससुद्धा नव्हता. मी होतो. आयुष्यात पहिल्यांदाच सगळाच्या सगळा तिथे होतो.

फोन वाजला तेव्हा ऊन काचेवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, काळजीचं वाटत नाही. पुढे रिपोर्टही तसाच आला. मी फोन ठेवून त्यांच्याकडे बघितलं तर ते रडत होते. डबा उघडून माझ्यापुढे धरत म्हणाले, ‘आधी खा.’

संध्याकाळी हिला नीट शुद्ध आली. आम्ही दोघंही कॉटपाशी उभे होतो. हिने ओठ ओले करून घेतले आणि पहिलं वाक्य बोलली, ‘भाऊजी, बसला होता ना?’

‘मी नाही, वहिनी,’ ते म्हणाले. ‘गुरुजी बसले होते. गाडीत. असं बसलेलं मी अजून कुणाला पाहिलं नाही. मी नुसता बाजूला होतो.’

ही थकलेली होती तरी हसली. ‘बघा, म्हणूनच तर तुम्हाला सांगितलं. हा तुमचा मोठेपणाच.’

मी तोंड उघडलं. हिने माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, ‘तुम्ही किती धावपळ केलीत ते माहीत आहे हो मला. इन्शुरन्स झालं का?’

झालं होतं.

त्यानंतर ही गोष्ट हिने ज्याला त्याला सांगितली. हळदीकुंकवाला सांगितली, मंडळाच्या पिकनिकला सांगितली, फोनवर माहेरी सांगितली. सांगता सांगता गोष्ट वाढत गेली. आता तिच्यात भाऊजी पाणीसुद्धा न पिता सकाळपासून बसलेले असतात आणि मी काउंटरवर भांडत असतो. मी एक-दोनदा सांगून पाहिलं की अगं, तो मी होतो. लोकांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मीच विषय बदलला. ‘गुरुजी, असू दे हो,’ एक जण म्हणाला. त्यांना वाटलं, मला हेवा वाटतोय. वाटत होताच.

पुढे आमचं प्रोजेक्ट संपलं आणि ते कायमचे गावी गेले. जाताना पितळेचा गणपती बरोबर नेला. जास्वंदीची कुंडी हिला दिली. मला नाही, हिला. आता आमच्या बाल्कनीत एसीच्या नळीखाली बादली असते आणि कुंडीला पाणी मी घालतो, पण कुणी आलं की ही सांगते, भाऊजींचं झाड. फोन आला की ते हिच्याशी बोलतात, मग मला द्यायला सांगतात. ‘काय गुरुजी, मन जाग्यावर असतं का?’ एवढंच विचारतात. मी ‘असतं’ म्हणतो आणि फोन हिच्याकडे देतो.

यंदा गणपतीत घर नेहमीसारखं भरलं होतं. कुंडी मी आत आणून देवासमोर ठेवली होती, दोन फुलं आली होती. आरती सुरू झाली. तबक माझ्या हातात. अर्ध्यावर आलो आणि मला कळलं की मी बाल्कनीत आहे. बादली भरून वाहत असेल, खालच्यांच्या एसीवर पाणी पडत असेल, ते वर भांडायला येतील. इतकी वर्षं हे मला कळत नसे. त्या गाडीपासून कळायला लागलं आहे.

‘थांबा!’ मी म्हणालो. झांजा थांबल्या. ‘मी नव्हतो.’

सगळं घर हसायला लागलं. ‘वा गुरुजी! हुबेहूब!’ कुणीतरी टाळी दिली. ‘रीस्टार्ट अंकल टू!’ पोरं ओरडली. ही हसता हसता डोळे पुसत होती. ‘अगदी भाऊजींसारखं केलंत हो,’ ती म्हणाली. ‘किती आठवण आली त्यांची.’

‘नक्कल नाही,’ मी म्हणालो. ‘खरंच. पहिल्यापासून घेऊया.’

ते कुणी ऐकलं नाही. झांजा पुन्हा वाजायला लागल्या होत्या, जिथे थांबल्या होत्या तिथूनच. आरती पुढे गेली. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी तबक ओवाळत राहिलो आणि शेवटपर्यंत एकही शब्द चुकलो नाही. मी आरतीत नव्हतो.